प्रतिवादी विनायक जोगळेकर, गैरहजर

डमडमच्या आमच्या इमारतीत कोर्टाचा माणूस आला तेव्हा वृंदाताई जोगळेकर गच्चीवर लोकरीच्या कपड्यांना ऊन दाखवत होत्या. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. बिनायक जोगलेकर कुठे राहतात, असं त्याने दरवानाला विचारलं आणि दरवानाने त्याला थेट गच्चीवर पाठवून दिलं. वृंदाताईंनी त्याला घरी नेलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की ते माझे यजमान, आणि त्यांना जाऊन दोन वर्षं साडेतीन महिने झाले. त्याने शांतपणे पाणी संपवलं, पेला खाली ठेवला, आणि ते सगळं ठीक आहे, पण समन्सवर सही कोण करणार, एवढंच विचारलं.

वृंदाताईंनी समन्सच्या मागे इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, की प्रतिवादी विनायक जोगळेकर यांचं १९ जुलै २०२२ रोजी निधन झालं आहे. खाली सही केली, तारीख टाकली. सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे त्यांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं सुटं आणि गोल आहे. न वाचता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी त्या माणसाने कोर्टात जो अहवाल दिला त्यात लिहिलं होतं, ‘घरातील प्रौढ स्त्रीने समन्स स्वीकारले.’

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. नोकरीसाठी बारा वर्षांपूर्वी ठाण्याहून इथे आलो तेव्हा इमारतीत मराठी घर एवढं एकच होतं. त्यामुळे या प्रकरणातलं बरंचसं मी जिन्यात ऐकलं आणि थोडं कोर्टात पाहिलं.

विनायकराव मूळचे वाईचे. कस्टम्समध्ये होते, खिदिरपूरच्या गोदीत. एक्क्याण्णव साली बदली होऊन कलकत्त्याला आले ते इथेच राहिले, कारण तोवर वृंदाताईंना डमडमच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. नंतर दोनदा मुंबईची बदली चालून आली, दोनदा त्यांनी नाकारली. गोदीत राहून माणसाने हात स्वच्छ ठेवले हे सांगायला त्यांच्या खात्यातले लोक अजूनही घरी येतात. दिवाळीला कुणी मिठाईचा डबा पाठवला तर ते स्वतः ट्रामने जाऊन तो परत करून यायचे, आणि ट्रामचं भाडं वाया गेलं म्हणून वृंदाताई चिडायच्या.

घरातले सगळे कागद त्यांच्याकडे असत. वृंदाताईंनी फक्त सही करायची, तीही जिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक फुली करून ठेवली असेल तिथे. बँक, विमा, विजेचं बिल, यांतलं वृंदाताईंना काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटलंही नव्हतं. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःवर रागावतात.

विनायकराव हृदयविकाराने चार दिवसांत गेले. इस्पितळातल्या कारकुनाने नाव विचारलं, वृंदाताईंनी सांगितलं, त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं: बिनायक जोगलेकर. बंगालीत ‘व’ नाही आणि ‘ळ’ही नाही. तीस वर्षं इथे वृंदाताई ‘ब्रिंदादी’ होत्या, शाळेत ‘जोग मिस’ होत्या, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव तपासायचं असतं हे त्या दिवशी त्यांच्या मनातही आलं नाही. मुलगी चैत्राली बंगळूरहून पोचायची होती आणि इस्पितळवाले खाट रिकामी करायची घाई करत होते.

तेरावं झालं आणि फोन आला. विनायकरावांच्या नावावर क्रेडिट कार्ड होतं, त्याचा हप्ता थकला होता. वृंदाताईंना असं काही कार्ड आहे हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या दाखला आणि चेकबुक घेऊन बँकेच्या शाखेत गेल्या. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने बसायला खुर्ची दिली, वाईट वाटल्याचं सांगितलं आणि थकबाकी अडतीस हजार चारशे साठ रुपये आहे म्हणून पाहून सांगितलं. वृंदाताईंनी चेकबुक उघडलं. त्यावर तो म्हणाला, की मावशी, आत्ता भरू नका. मृत्यूची नोंद झाली की व्याज थांबतं, कार्डावर विमा असला तर सगळंच माफ होतं, आधी अर्ज द्या. त्यांनी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की दाखल्यावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही, तेव्हा नोंद करता येत नाही.

त्यांनी दुसरा अर्ज दिला. मग तिसरा. शाखा प्रत्येक अर्जावर शिक्का मारायची आणि तो कार्डांच्या विभागाकडे पाठवून द्यायची. तो विभाग दुसऱ्या कुठल्या तरी शहरात होता आणि तिथे माणसं आहेत याचा पुरावा म्हणजे फक्त वसुलीचे फोन. ते दर आठवड्याला येत. प्रत्येक वेळी नवा आवाज. प्रत्येक वेळी वृंदाताई पहिल्यापासून सांगायच्या, पलीकडचा माणूस ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, की मग सर केव्हा भेटतील? दोन वर्षं हे चाललं. मग एकाएकी फोन थांबले, आणि वृंदाताईंना वाटलं की झाली एकदाची नोंद. ते फोन थांबले होते कारण प्रकरण वकिलाकडे गेलं होतं.

समन्सबरोबर दाव्याची प्रत होती. मागणी एक लाख चौतीस हजारांची. व्याज, दंड, दंडावर कर, त्या सगळ्यावर पुन्हा व्याज. चैत्रालीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आई, भरून टाक, अर्धे मी पाठवते. ती इथेच वाढली, तिच्या मराठीत मधूनच बंगाली येतं. ‘शुधु शुधु त्रास करून घेतेस’ असं म्हणाली, म्हणजे उगाचच. वृंदाताईंनाही पहिल्या रात्री तसंच वाटलं होतं. सकाळी चष्मा लावून त्यांनी दावा पहिल्यापासून वाचला. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की कर्ज बुडवण्याच्या हेतूने प्रतिवादी जाणूनबुजून दडून बसला आहे आणि वादी बँकेला टाळत आहे.

त्या दुपारी त्या माझ्याकडे आल्या. हातात तो कागद होता आणि सातव्या परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ.

“मिठाईचा डबा परत करायला जाणारा माणूस हा,” त्या म्हणाल्या. “पैशाचं नंतर बघू. आधी हे वाक्य खोडायला लावणार मी.”

दाव्याला कार्डाची शेवटची बिलं जोडलेली होती. ती वाचताना त्यांना आणखी एक गोष्ट कळली. अडतीस हजारांतले चोवीस हजार एकाच दिवशी, जूनच्या शेवटी, रासबिहारी भागातल्या एका दुकानात खर्च झाले होते. नावावरून काही बोध होईना म्हणून त्या मेट्रोने तिथे गेल्या. ते कानाच्या यंत्रांचं दुकान निघालं. विनायकरावांना शेवटची दहा वर्षं कमी ऐकू यायचं आणि यंत्र लावा म्हणून वृंदाताई त्यांच्या मागे लागायच्या. मला सगळं ऐकू येतं, तूच हळू बोलतेस, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्याच माणसाने गुपचूप जाऊन कानाचा साचा दिला होता, पैसे भरले होते. यंत्र तयार झाल्यावर दुकानदाराने पुष्कळ फोन केले, पण तोवर तो नंबर बंद झाला होता. त्याने खणातून डबी काढून दिली. साचा त्या एकाच कानाचा, दुसऱ्या कुणाला तो बसणार नव्हता.

त्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज रागाचा होता. घेतलंच होतं तर सांगायला काय झालं होतं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दहा वर्षं त्यांनी घसा फोडून घेतला होता आणि समेट झाल्याचं त्यांना बँकेच्या वकिलाकडून कळत होतं.

इमारतीच्या सेक्रेटरींनी गुहबाबूंचं नाव सुचवलं. तपोव्रत गुह, दिवाणी वकील, वय सत्तरीच्या घरात. डलहौसीमागच्या एका गल्लीत, हायकोर्टापासून जवळ, जिना चढून गेलं की त्यांची खोली. मी सोबत गेलो होतो. गुहबाबू समोर मुरमुऱ्यांचा ठोंगा, म्हणजे कागदी पुडा, ठेवून बसले होते. वृंदाताई बोलायला लागल्या तसं त्यांनी ऐकत ऐकत खाणं चालू ठेवलं. या रकमेसाठी लढण्यात अर्थ नाही, बँक निम्म्यावर येईल, तडजोड करून टाका, असा सल्ला त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच दिला. वृंदाताईंनी पर्स उचलली. उठता उठता म्हणाल्या, की गेलेल्या माणसाच्या वतीने मी तडजोड कशी करणार.

गुहबाबूंचा हात ठोंग्यातच राहिला. गेले कधी, त्यांनी विचारलं. वृंदाताईंनी तारीख सांगितली. दावा दाखल झाल्याची तारीख त्यांनी स्वतः कागदावर पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. ऑगस्ट २०२४.

“मिसेस जोगलेकर,” ते म्हणाले, “हा दावाच नाही. मेलेल्या माणसावर दावा लावताच येत नाही. दावा चालू असताना माणूस गेला तर वारसांना आणता येतं. हे तर आधीच गेलेले. हा कागद जन्मालाच आलेला नाही.”

हे मी दोन वर्षं फोनवर सांगतेय, असं वृंदाताई म्हणाल्या. गुहबाबूंनी ठोंगा पुढे सरकवला. वारस म्हणूनही नवऱ्याकडून जे मिळालं असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते, आणि तीही योग्य वेळी योग्य दावा लावला तर, हे त्यांनी समजावून सांगितलं. थकबाकीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते आणि ती पुढच्या जुलैत संपत होती. वृंदाताईंनी मुदतीचं नीट ऐकूनही घेतलं नाही. सातवा परिच्छेद खोडला जाईल का, एवढंच विचारलं.

जन्मालाच न आलेला कागद मारायला पंधरा महिने लागले.

पहिली तारीख जानेवारीत होती. वृंदाताई सकाळी साडेनऊला मेट्रोने सेंट्रलला उतरून चालत कोर्टात पोचल्या. पुकारा झाला: बिनायक जोगलेकर. गुहबाबूंनी मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज पुढे केला. कोर्टाच्या कारकुनाने तो परत केला. अर्ज कोणाचा? विधवेचा. त्या या दाव्यात आहेत का? नाहीत. मग त्यांचा अर्ज घेता येत नाही, प्रतिवादीने स्वतः द्यावा. गुहबाबूंनी अत्यंत नम्रपणे प्रतिवादी येण्यातली अडचण सांगितली. कारकून म्हणाला, मग वकीलपत्र द्या. वकीलपत्रावर प्रतिवादीची सही लागते. वृंदाताई मागच्या बाकावरून हे ऐकत होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, की वर्गात अशी मुलगी समोर असती तर तिला त्यांनी बाहेर उभं केलं असतं.

शेवटी न्यायाधीशबाईंच्या कानावर ते गेलं आणि अर्ज घेतला गेला. बँकेकडून अनीश नावाचा तरुण वकील उभा होता. त्याने आपल्याला सूचना नाहीत म्हणून पुढची तारीख मागितली. पुढच्या तारखेला संप होता. त्याच्या पुढच्या तारखेला न्यायाधीशबाई रजेवर होत्या. एप्रिलमध्ये अनीशने बँकेचं उत्तर दाखल केलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, दाखला बिनायक जोगलेकर नावाच्या कुणा तिऱ्हाईताचा आहे, आमचा कार्डधारक विनायक जोगळेकर, तो हयात आहे आणि दडून बसला आहे. दोन, तो हयात नाही असं कोर्टाला वाटलं, तर त्याच्या जागी पत्नी आणि मुलीला प्रतिवादी करावं.

गंमत अशी, की ज्या दाव्यात बँक हे म्हणत होती त्याच्या समन्सवर बंगालीत बिनायकच लिहिलेलं होतं. गुहबाबूंनी तेही दाखवलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, समन्स कोर्टाच्या कारकुनाने लिहिलंय, बँकेने नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची, याचा पुरावा आणा.

मग वृंदाताईंचा उन्हाळा दाखला दुरुस्त करण्यात गेला. महापालिकेच्या कार्यालयात पहिल्या दिवशी सांगितलं, की आधार कार्ड आणा. आणलं, तर म्हणाले, दुरुस्ती इस्पितळाच्या पत्राशिवाय होत नाही. इस्पितळ तोवर दुसऱ्याने विकत घेतलं होतं आणि जुनी रजिस्टरं बजबजच्या एका गोदामात होती. वृंदाताई सियालदाहून लोकलने बजबजला गेल्या, मेच्या उन्हात. गोदामाचा माणूस जेवायला गेला होता. तो आल्यावर त्याने रजिस्टर शोधून काढलं, आणि त्यातही बिनायकच होतं, कारण चूक तिथेच झाली होती. पत्र देता येणार नाही, आमच्या नोंदीप्रमाणे नाव बरोबर आहे, असं त्याने सांगितलं.

मग प्रतिज्ञापत्र. विनायक आणि बिनायक ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, असं वृंदाताईंनी शपथेवर लिहून द्यायचं होतं. नोटरीने कागद वाचला आणि कर्तव्य म्हणून विचारलं, की आपण या दोघांनाही व्यक्तिशः ओळखत होता का? वृंदाताई हो म्हणाल्या, कारण नाही म्हटलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं.

ते प्रतिज्ञापत्र अनीशला पुरेसं वाटलं नाही. हितसंबंध असलेल्या बाईचं म्हणणं, असा त्याने शेरा मारला. पावसाळा गेला, दुर्गापूजेची सुट्टी लागली, कोर्ट महिनाभर बंद. या काळात वृंदाताईंची चिडचिड इतकी वाढली की आम्ही जिन्यात त्यांना टाळायला लागलो होतो. भाजीवाल्याने वांगी मोजून न देता अंदाजाने दिली म्हणून त्यांनी त्याला नोंदी कशा ठेवाव्यात यावर ऐकवलं. चैत्राली पूजेत आली होती. तिने पुन्हा एकदा पैसे भरायचा विषय काढला आणि माय-लेकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चैत्रालीने दावा स्वतः वाचला. सातव्या परिच्छेदापर्यंत आली, कागद घडी करून ठेवला, आणि नंतर पैशांचा विषय तिने कधी काढला नाही.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यायचा असतो. विनायकराव गेल्यावर त्यांच्या खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याने, सुरेशबाबूंनी, धावपळ करून वृंदाताईंचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करून दिलं होतं. बँक तीच, शाखाही तीच. पण पेन्शनचं टेबल डावीकडे आणि कार्डांची चौकशी उजवीकडे, आणि वृंदाताईंच्या डोक्यात ती दोन वेगळी खाती होती. सुरेशबाबूंनी तेव्हा सगळे कागद आपणच नेले होते, वृंदाताईंनी फक्त सह्या केल्या होत्या.

पेन्शनच्या टेबलाशी त्या वर्षी नवीन मुलगी होती, सानिका, नागपूरहून पहिल्याच नेमणुकीवर आलेली. तिने पासबुक पाहिलं आणि मराठीत विचारलं, “तुम्ही जोगळेकर ना?” ‘ळ’ स्पष्ट म्हणाली. वृंदाताईंना इतकं बरं वाटलं की त्या अंगठा लावून झाल्यावरही बसून राहिल्या. सानिकाने नोंद पडताळताना पडद्यावरचं वाचून दाखवलं: कुटुंब निवृत्तिवेतन, मूळ निवृत्तिवेतनधारक विनायक जोगळेकर, निधन १९ जुलै २०२२.

हे कशावरून लिहिलंय, वृंदाताईंनी विचारलं.

सानिकाने पडदा त्यांच्याकडे वळवला. तोच दाखला होता. बिनायक जोगलेकर. त्याच्या कोपऱ्यात याच शाखेचा शिक्का, त्या वेळच्या मॅनेजरची सही आणि हाताने लिहिलेली एक ओळ: ‘नावातील फरक तपासला. व्यक्ती एकच.’ तारीख सप्टेंबर २०२२.

वृंदाताई सांगतात, की त्या क्षणी त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. डोकं भणभणलं. उजवीकडच्या टेबलावर त्यांनी तीन अर्ज दिले होते आणि डावीकडच्या टेबलावर तेवढ्याच काळात काम होऊन गेलं होतं, मध्ये पाण्याचं एक पिंप. त्यांनी आपल्या पेन्शनच्या नोंदीची शिक्क्यासकट प्रत मागितली. ती मागायचा त्यांचा हक्कच होता. सानिकाने ती काढून दिली आणि कशासाठी हवी असं विचारलंही नाही.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. मी रजा काढून गेलो होतो. गुहबाबूंनी प्रत पुढे दिली आणि फार बोलले नाहीत. न्यायाधीशबाईंनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी अनीशला विचारलं, की तुमची बँक हयात माणसाच्या बायकोला विधवा म्हणून पेन्शन देते का? त्याने कार्डांचा विभाग वेगळा आहे असं सांगायचा प्रयत्न केला आणि सूचना घेण्यासाठी तारीख मागितली. ती मिळाली नाही. निकाल त्याच दुपारी सांगितला गेला: दावा दाखल झाला तेव्हा प्रतिवादी मृत होता, तो दावा मुळातच निरर्थक, म्हणून फेटाळला. जो दावाच नाही त्यात वारसांना आणता येत नाही, तोही अर्ज फेटाळला. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

वृंदाताई उभ्या राहिल्या. बोलायची परवानगी नव्हती, पण न्यायाधीशबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

“सातव्या परिच्छेदाचं काय?” त्यांनी विचारलं.

न्यायाधीशबाईंनी तो परिच्छेद काढून वाचला. मग कारकुनाला एक वाक्य जास्तीचं लिहायला सांगितलं: प्रतिवादीच्या वर्तनाविषयीची विधानं निराधार असून ती कोणीही कोणत्याही कामी विचारात घेऊ नयेत. निकालाची प्रत मिळायला सात आठवडे लागले, त्यासाठी चार खेपा झाल्या. पण ते वाक्य तिथे होतं.

बाहेर आल्यावर गुहबाबूंनी बजावलं, की आता एक पैसाही देऊ नका. मुदत संपून गेली आहे, बँकेला नवा दावा लावणं अवघड आहे, आपण होऊन काही दिलंत तर त्याचा अर्थ कबुली असा काढतील. वृंदाताईंनी ऐकून घेतलं. महिन्याभरात बँकेतून कुणीतरी फोन करून साठ हजारांत प्रकरण मिटवू म्हणालं. विनायकराव कधी गेले ते आधी तुमच्या कागदावर लिहून द्या, त्या दिवशी किती बाकी होती ते लिहा, मग बोलू, असं त्यांनी सांगितलं. असा नमुना आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं.

शेवटी त्यांनी गुहबाबूंना न विचारता अडतीस हजार चारशे साठ रुपयांचा चेक लिहिला. सोबत पत्र: हे माझ्या यजमानांनी खर्च केलेले पैसे आहेत, यात चोवीस हजारांचं कानाचं यंत्र आहे, ते माझ्याकडे आहे, त्याची किंमत मला द्यायची आहे. व्याज देणार नाही. मी त्यांना म्हटलं, की कोर्टाने सोडलं तर तुम्ही का अडकताय? त्या म्हणाल्या, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या देशात कुणालाच दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत.

दोन महिन्यांनी चेक परत आला. सदर खातं बंद करण्यात आलं असून रक्कम जमा करण्यासाठी खातं उपलब्ध नाही, एवढीच ओळ. मी अभिनंदन करायला गेलो तर त्या कमालीच्या वैतागल्या होत्या. चार वर्षांपूर्वी शाखेत चेकबुक उघडून बसले होते मी, त्या म्हणाल्या. तेव्हा घेतला असता तर काय बिघडलं असतं? त्यांनी चहा टाकला आणि चेकचे चार तुकडे करून केराच्या टोपलीत टाकले.

यंत्राची डबी त्यांनी रासबिहारीला परत नेली. साचा कामाचा नव्हता, पण आतलं यंत्र नवं होतं. त्याला दुसरा साचा बसवता येतो, असं दुकानदाराने सांगितलं. ते आता सुरेशबाबूंच्या कानात आहे. त्यांनी आधी नको म्हटलं, मग महिनाभर वापरलं, आणि आता घरात बायको किती बोलते याची तक्रार करतात.

हल्ली महाराष्ट्र मंडळातलं कुणी ना कुणी वृंदाताईंकडे येतं. परवा ऋता म्हणून एक मुलगी आली होती, वडील गेलेले, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेले. कागद घेऊन ये म्हटलं होतं तर ती अख्खी पिशवी घेऊन आली, विजेची बिलं, लग्नपत्रिका, जुनी रेशनकार्डं, सगळं एकात एक. वृंदाताईंनी पिशवी जमिनीवर ओतली आणि तिच्यावर भरपूर चिडल्या. मग चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि तिला म्हणाल्या, की आधी मृत्यूचा दाखला शोध, त्यावरचं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाच.